पूजेला बसलेल्या पिना

आमचं घर चिखलीला आणि वर्कशॉप घराच्या मागच्या गल्लीत. माझे सासरे रोज सकाळी फिरायला निघाले की त्याच गल्लीतून जात आणि एकदाही आत डोकावत नसत. शटर वर असायचं, मशीनचा आवाज बाहेरपर्यंत यायचा, कित्येकदा त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, दारातच चहा पीत उभा असायचा. सासरे मात्र काठी नुसती हातात धरून, जमिनीला न टेकवता, नाकासमोर बघत ताठ निघून जायचे. नवरा म्हणायचा, "जाऊ दे गं, वय झालं त्यांचं." वय कसलं डोंबलाचं! भाजीवाल्याच्या गाडीवरचा किडका दोडका त्यांना रस्त्यापलीकडून दिसायचा. आमचं वर्कशॉप तेवढं दिसायचं नाही.

त्यांना मी मामा म्हणते. आमच्या साताऱ्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात. मामा फौजेत रणगाड्याचे ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर बरीच वर्षं देहूरोडला राहिले आणि सासूबाई गेल्यावर आमच्याकडे आले. येताना एक ट्रंक, एक घडीची खाट आणि परदेशी मालाबद्दलचा अपार आदर एवढं घेऊन आले. त्या आदराला कारणही तसंच होतं. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत फौजेनं जुने रणगाडे बदलून बाहेरच्या देशातून नवे आणायला सुरुवात केली, तेव्हा रेल्वेच्या उघड्या वाघिणीवरून ते नवे धूड खाली उतरवण्यासाठी जे मोजके ड्रायव्हर निवडले होते, त्यांत मामा होते.

ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की मीच रणगाडा उतरवला असं मला कधीकधी वाटतं. वाघिणीची रुंदी आणि रणगाड्याची रुंदी जवळजवळ सारखीच. थोडा जरी वाकडा वळला तर एवढं लोखंड थेट रुळांवर. वरून अधिकारी बघताहेत, बाजूला परदेशी तंत्रज्ञ हाताची घडी घालून उभा, आणि आत मामा, फक्त डोकं बाहेर काढून. "श्वास सुदिक घेतला न्हाई," असं म्हणून ते इथे नेहमी थांबायचे आणि चहाचा कप तोंडाला लावायचे. मग खोकी उघडल्याची गोष्ट यायची. जाड ग्रीसमध्ये बुडवलेले सुटे भाग, त्यांवर मेणकागद, खोक्यांवर वाचता न येणारी अक्षरं. एकेक भाग असा की सोनाराच्या दुकानात ठेवावा. तेव्हापासून आमच्या घरात कुकरची शिट्टी नीट झाली नाही की मामा म्हणायचे, "इंपोर्टेड असता तर!"

आता माझ्याविषयी. मी इंजिनिअर. चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत क्वालिटीला होते. मग नोकरी सोडून नवऱ्याबरोबर हे वर्कशॉप उभं केलं. नवरा गोड बोलतो, म्हणून तो ऑर्डर आणतो. मी गोड बोलत नाही, म्हणून मी माल तपासते. मोटारसायकलचे, ट्रॅक्टरचे शाफ्ट करता करता एक दिवस निघोज्याजवळच्या एका मोठ्या कंपनीकडून विचारणा आली. फौजेच्या त्याच परदेशी रणगाड्यांचे सुटे भाग आता इथे बनवायचे होते. बाहेरून यायला फार उशीर व्हायला लागला होता, आणि सैन्याला उशीर परवडत नाही. त्यातली ट्रॅकची पिन तुम्ही कराल का, असं त्यांनी विचारलं.

रणगाड्याच्या दोन्ही बाजूंना जो लोखंडी पट्टा फिरतो तो ट्रॅक. त्याच्या कड्या एकमेकींत अडकवून ठेवणारी पोलादाची दांडी म्हणजे पिन. आम्ही ती कापायची, बाहेरून कडक करून आणायची आणि घासून अचूक मापात बसवायची. तिच्यावर रबर चढवण्याचं काम मोठी कंपनी करणार. दिसायला पिन म्हणजे एक साधी दांडी, पण ती तुटली तर ट्रॅक उसवतो, आणि ऐन लढाईत ट्रॅक उसवला तर रणगाडा जागेवर बसतो. हे मला मामांनीच सांगितलं होतं, त्यांच्या गोष्टींच्या ओघात, त्यांच्याही नकळत.

त्या दिवशी मी नाचतच घरी आले. "मामा, तुमच्या रणगाड्याची पिन आता आपण करणार!"

मामा पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "लेथच्या दुकानात?"

तळपायाची आग मस्तकात गेली. एक तर ते लेथचं दुकान नाही. चांगलं कर्ज काढून आणलेली संगणकावर चालणारी मशीनं आहेत. आणि दुसरं म्हणजे, पिकतं तिथं विकत नाही हे ऐकून माहीत होतं, पण आमच्या घरात पिकलेलं आमच्या घरातच विकत नव्हतं. मी पाय आपटत स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशीपासून मला एकच हवं होतं. कंपनीची शाबासकी नको, फोटो नको, फलक नको. या माणसाच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की आमची पिन परदेशी पिनेच्या तोडीची आहे. हा हट्ट बालिश होता, हे मलाही कळत होतं. तरी तो माझ्या मनातून जात नव्हता.

नमुन्याचा पहिला लॉट तयार व्हायला पावसाळा गेला. किती पिना वाया गेल्या ते विचारू नका. माप बसायचं तर कडकपणा कमी पडायचा, कडकपणा जमला की दांडी किंचित वाकलेली निघायची. आमचा ग्राइंडिंगचा ऑपरेटर नांदेडकडचा, अबोल आणि भाविक. प्रत्येक पिनेला हात लावण्याआधी तो मशीनला नमस्कार करायचा, आणि मी पिन बाद केली की माझ्याकडे असं बघायचा जणू मी देवच नाकारला. शेवटी जमलं. लॉट दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघोज्याला पोचवायचा ठरला. तिथून तो फौजेच्या चाचणीला जाणार होता.

खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात एकही मशीन चालत नाही. भोसरीपासून चाकणपर्यंत सगळी शटरं वर, सगळी मशीनं धुतलेली, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पेढे. कंपनी मोठी असो की एका गाळ्याची, हत्याराची पूजा होणारच. त्या वर्षी मी धीर करून मामांना म्हटलं, "मामा, पिना रणगाड्यावर जायच्यात. पूजा फौजी माणसाच्या हातची झाली तर बरं." मामांनी थोडा विचार केला. फौजेत दर खंडेनवमीला ते रणगाड्याची पूजा बघत आले होते आणि निवृत्तीनंतर ते सुटलं होतं. बहुधा म्हणूनच ते हो म्हणाले. सकाळी इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि स्वतः पारखून आणलेला शेंडीचा नारळ घेऊन त्यांनी पहिल्यांदा आमच्या वर्कशॉपचा उंबरा ओलांडला.

मी पेढे आणायला गेले होते. परत येऊन बघते तर ऑपरेटरनं उत्साहाच्या भरात पिनांवरचं सगळं तेल धुऊन काढलेलं. देवापुढे तेलकट काय ठेवायचं, म्हणून. टेबलावर लाल कापड, त्यावर ओळीनं पिना, एकेक आरशासारखी चकाकणारी. आणि मामा त्यांच्याकडे बघत होते. अगदी वाकून बघत होते. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच आमच्या कामाकडे बघत होते, त्यामुळे ऑपरेटरला तेलावरून झापायचं मी पुढे ढकललं.

मामांनी नारळ फोडला. "फौजेत टँकपुढं असाच फोडत्यात," असं म्हणत त्यांनी करवंटीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि पिनांवर शिंपडलं. मग प्रत्येक पिनेला हळद आणि कुंकू. सगळ्यांनी हात जोडले. मी हळूच फडकं घेऊन पुढे झाले, तर मामांचा हुकमी आवाज आला.

"सूनबाई, पूजेला बसलेलं हत्यार हलवत न्हाईत. उद्या सोनं लुटायचं, मग उचलायचं."

"मामा, नुसतं पुसून घेते."

"न्हाई म्हणलं ना."

ऑपरेटरनं मान डोलावली, नवऱ्यानंही डोलावली. नवऱ्याची मान कुणाच्याही बाजूनं डोलते. मी फडकं खाली ठेवलं. आज आले आहेत, आज वाद नको, एका रात्रीनं काय होतंय, असं मनाशी म्हटलं आणि शटर ओढून घरी गेले.

दसऱ्याच्या सकाळी झेंडूची फुलं घेऊन मी पुन्हा गेले, आणि पहिलीच पिन उचलून उजेडात धरली. जिथे जिथे नारळाच्या पाण्याचे थेंब पडले होते, तिथे तिथे तांबूस ठिपके. हळदकुंकवाखाली पाणी साचून राहिलं होतं, तिथे तर डाग पार खोल गेलेला. तेल नसलेलं घासलेलं पोलाद आणि नारळाच्या पाण्यातले क्षार, दोघांनी रात्रभरात आपलं काम केलं होतं. मागून नवरा आला.

"पॉलिश पेपरनं जाईल की."

"तुझ्या तोंडाला लावते पॉलिश पेपर!" मी ओरडले. पिनेवर असा बारीकसा खड्डाही चालत नाही, तडा तिथूनच सुरू होतो. आणि डाग जाईपर्यंत घासावं तर माप खाली जातं. सगळा लॉट भंगार झाला होता. दुसऱ्या दिवशी निघोज्याला न्यायचं काय, तर हे!

एक गोष्ट मात्र नशिबानं आमच्या बाजूची होती. वाया जाणाऱ्या पिनांचा अनुभव गाठीशी असल्यानं मी कडक करून आणलेल्या जादा पिना ठेवल्या होत्या. त्यांचं फक्त शेवटचं ग्राइंडिंग बाकी होतं. पण ते करायचं म्हणजे दसऱ्याच्या दिवशी, पूजेला बसलेलं मशीन चालू करायचं. नवऱ्यानं ऑपरेटरला फोन लावला आणि मी एक डागाळलेली पिन घेऊन तरातरा घरी गेले.

मामा आंघोळ करून पाटावर बसले होते. पुढे श्रीखंड-पुरीचं ताट. मी पिन त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

"मामा, हे तुमच्या नारळाचं पाणी."

असं बोलायला नको होतं म्हणतील लोक. म्हणोत. त्या क्षणी मला दुसरं काही सुचत नव्हतं. मामांनी चष्मा लावला. अंगठ्यानं डाग घासून बघितला, मग नखानं. एकदा, दोनदा. त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझ्याच आवाजाची लाज वाटायला लागली. ताटाला हात न लावता ते उठले. बूट चढवले. काठी घरातच राहिली.

वर्कशॉपमध्ये ऑपरेटर आलेला होता, बायकोसकट, नव्या कपड्यांत. काय झालं ते नवऱ्यानं त्याला सांगितलं होतं. तो मशीनपासून चार हात लांब उभा होता.

"ताई, काम करतो मी. रात्र झाली तरी करतो. पण पूजा उतरल्याबिगर मशीनला हात लावत नसतो मी."

माझं डोकं पुन्हा फिरायच्या आत मामा पुढे झाले. मशीनवरच्या झेंडूच्या माळेला त्यांनी हात घातला आणि क्षणभर थांबले.

"एकदा फौजेत," ते ऑपरेटरकडे बघत म्हणाले, "खंडेनवमीची पूजा झाली आन् संध्याकाळच्याला हुकूम आला, निघा. टँकवर हार तसाच. आमचा साहेब म्हणाला, हत्यार कामाला निघालं की तीच त्याची पूजा. आमी हारासकट निघालो."

त्यांनी माळ उतरवून डोळ्यांना लावली, बाजूला ठेवली आणि मशीनवर अक्षता टाकल्या. "उतरली पूजा. चालू कर, भावा. चूक माझी हाय, देवाला काय बोलायचं ते मी बोलतो."

ऑपरेटरनं नमस्कार केला आणि बटण दाबलं.

सगळा दसरा आमचा त्या गाळ्यात गेला. ऑपरेटर घासत होता, मी मापत होते, त्याची बायको आणि माझा नवरा पुरी-भाजी वाढत होते. आणि दाराजवळच्या स्टुलावर मामा. माझ्या हातून पास झालेली प्रत्येक पिन त्यांच्याकडे जायची. ते ती कोरड्या फडक्यानं पुसायचे, बोटानं तेल लावायचे, मेणकागदात गुंडाळायचे आणि तान्ह्या बाळासारखी खोक्यात ठेवायचे. त्यांनी परदेशी खोकी उघडली होती तेव्हा आतला माल जसा निघाला होता, अगदी तसाच हाही भरला जायला हवा होता. संध्याकाळी आपट्याची पानं वाटायला शेजारचे गाळेवाले आले, तर आमचे सगळ्यांचे हात तेलकट. मी कोपरानंच सोनं घेतलं. शेवटची पिन गुंडाळताना न राहवून मी विचारलं,

"मामा, परदेशी पिनेच्या तोडीची आहे का?"

मामांनी पिन उजेडाकडे धरली. "चालून बघितल्याबिगर काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी खोकी निघोज्याला गेली. मग चाचण्या. वाकवून बघणं, पिळून बघणं, आणि शेवटी खऱ्या रणगाड्यावर चढवून खडकाळ जमिनीवर, वाळूत, चिखलात पळवणं. आम्हाला काहीच कळत नव्हतं. एक मात्र झालं. मामा सकाळचं फिरणं आटोपून वर्कशॉपमध्ये यायला लागले. स्टुलावर बसायचे, चहा घ्यायचे, कुणाशी फार बोलायचे नाहीत.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मोठ्या कंपनीतल्या एका बाईंचा फोन आला. पिना पास. नियमित ऑर्डर सुरू. मी त्या बाईंना फोनवर दोनदा पुन्हा सांगायला लावलं आणि मग गाळ्याच्या मधोमध उभी राहून चक्क रडले. ऑपरेटर मशीनला साष्टांग घालायला निघाला होता, नवऱ्यानं त्याला मिठीच मारली. ज्या रणगाड्याचा एक नट हवा असला तरी समुद्रापलीकडे बघावं लागायचं, तो आता चिखलीच्या गल्लीत बनलेल्या पिनांवर धावणार होता. छाती भरून येते म्हणजे काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी पेढा घेऊन मामांकडे धावले.

मामांनी पेढा खाल्ला. "बरं झालं," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पुढच्या लॉटला नारळ जरा लांब फोडा."

एवढंच! पालथ्या घड्यावर पाणी. त्या दिवशी मी ठरवून टाकलं, आता विचारायचं नाही.

मध्ये बरेच महिने गेले. मग पुण्यात सैन्यानं लोकांसाठी प्रदर्शन भरवलं. तोफा, बंदुका, पूल बांधायच्या गाड्या, आणि रणगाडा. शाळेच्या मुलांची ही गर्दी. मामा सकाळपासून तयार होऊन बसले होते. तिथे पोचल्यावर बाकी कशाकडे ढुंकून न बघता ते थेट रणगाड्याकडे गेले. मुलं वर चढून फोटो काढत होती. मामा वर चढले नाहीत. ते बाजूनं फिरले, ट्रॅकपाशी थांबले, आणि गुडघे धरत धरत चक्क मातीत खाली बसले. ट्रॅकच्या कडेनं पिनांची टोकं दिसतात, त्यांवरून ते एकेक करून बोट फिरवत पुढे सरकत होते.

मी घाईनं जवळ गेले. "मामा, उठा. या गाडीवर आपल्याच असतील असं नाही हो."

"मग यातली परदेशी कुठली ते दाखव," मामा वर न बघता म्हणाले.

मी वाकून बघितलं. सगळी टोकं सारखीच. मला सांगता येईना, आणि सांगता येत नाही म्हणून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

रणगाड्यापाशी उभा असलेला जवान पुढे आला. कोवळा, उत्तरेकडचा. "अंकलजी, कुछ गिर गया क्या?"

"नहीं बेटा. पिन देख रहा हूँ." मामांनी हात झटकले. "तुम चलाते हो इसे? कभी ट्रैक खुला?"

हा प्रश्न साधा माणूस विचारत नाही, हे त्या पोराला लगेच कळलं. तो सावधान उभा राहिला. "नहीं, साब."

"खुलेगा भी नहीं," मामा म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "ये पिन हमारी बहू बनाती है. इंपोर्टेड से कम नहीं है."

जवान माझ्याकडे बघायला लागला. आजूबाजूची मुलंही बघायला लागली. मी मामांना हात दिला, ते माझ्या हातावर सगळा भार टाकून उठले. पँटच्या गुडघ्यांना माती लागली होती, ती मी वाकून झटकली, म्हणजे डोळे पुसायला वेळ मिळाला. गेटकडे येताना मात्र माझा स्वभाव काही गप्प बसू देईना.

"मामा, दोन वर्षं झाली. एवढं एक वाक्य घरात म्हणायला काय झालं होतं?"

मामा थांबले. काठी त्यांच्या हातात होती, पण माझा हात त्यांनी सोडला नव्हता.

"घरात म्हणून काय करायचं, सूनबाई?" ते म्हणाले. "जो आत बसून टँक चालवतो, त्याला म्हाईत पायजे, पिन कुणाच्या घरची हाय ते."